शिडीच्या वरच्या पायरीवरची बाई

आइंडहोवनहून ट्रेनने युट्रेख्टला जायचं आणि आफ्रिकेतली माणसं सुखी झाली का ते मोजायचं, ही माझी नोकरी. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्याचा पगार देतात?" देतात गं बाई.

आमची संस्था मलावीतल्या गावांना शेळ्या, बियाणं आणि शेतीचं शिक्षण देते. त्याने फरक पडतो का हे कळावं, म्हणून काही गावांना मुद्दाम काहीच देत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात. तसल्याच एका गावातली एक बाई माझ्या वाट्याला आली. पदरात लहान मुलं, नवरा शहरात कामाला गेलेला. तिकडचा आमचा सहकारी व्हिडिओ कॉल लावून फोन धरायचा आणि दुभाष्याचं कामही करायचा.

जानेवारीत तिकडे घरातला मका संपलेला असतो आणि शेतातला अजून तयार नसतो. नेमकं तेव्हाच आम्ही विचारतो, आयुष्य म्हणजे दहा पायऱ्यांची शिडी समजा, तुम्ही कुठल्या पायरीवर? बाई शेजारणीची खुर्ची मागून आणून, ठेवणीतलं कापड गुंडाळून बसली होती. म्हणाली, "वरून दुसऱ्या. आम्ही मजेत आहोत."

मी कपाळावर हात मारला. अहो, पाहुण्यासमोर कोण रडगाणं गातं? मी इथे नेदरलँड्सला आले तेव्हा नोकरी नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं, दिवसभर घरात एकटी रडायचे. आईचा फोन आला की मात्र, "छान चाललंय गं, थंडी आहे जरा." त्या गावातल्या सगळ्याच बायकांनी असंच सांगितलं होतं.

हे उत्तर खरं धरू नका म्हणून साहेबांशी भांडले. डच माणूस, कसे आहात विचारलं तर खरोखरच पाठदुखी सांगणारा. शांतपणे म्हणाला, "तिनेच सांगितलंय ना? तिच्या तोंडात आपण आपलं उत्तर कसं घालायचं?" असा संताप झाला माझा! आणि त्याहून वैताग हा, की त्याचं सरळसरळ चूक आहे असंही म्हणता येईना. पुढच्या टप्प्यात आधी काहीच न दिलेल्या गावांनाही द्यायचं ठरलं, पण शेळ्या आणि बियाणं खालच्या पायऱ्या सांगणाऱ्या गावांना गेलं. हे गाव वगळलं.

ते तिला व्हिडिओ कॉलवर सांगायचंही माझ्याच नशिबी आलं. ऐकून ती फोनच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "मग आत्ता विचारा परत."

"आता ते बंद झालं हो."

ती थांबलीच नाही. मुलं एकदाच जेवतात. पेरणीसाठी ठेवलेला मकाही खाऊन संपला. धाकटी सकाळी उठतच नाही, उठवून बसवली तरी परत आडवी होते. सहकारी खाली मान घालून एकेक वाक्य मला सांगत होता. मी नुसती ऐकत होते. काय करणार होते मी? समोर कॉफी होती, ती पिववेना.

"लिहिलंत ना सगळं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

सहकारी माझ्याकडे बघत राहिला. तिला त्याने ते सांगितलंच नाही.