मगरीच्या तोंडातली चार बोटं

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत मिळून असा एकही माळा, गोठा किंवा भंगारवाला उरलेला नाही, जिथे माझ्या मावशीच्या सासऱ्यांनी मान आत घालून "हाई काय शे?" असं विचारलेलं नाही. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, फुगवून लिहिणं हा माझा धर्मच, पण या वाक्यात मी हवा भरलेली नाही. उलट थोडी काढलीय. अख्खं गाव त्यांना आबा म्हणतं. गाव असोद्याच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या सरपंचबाई मला लांबून पाहिलं तरी पदर खोचतात. आबा मूळचे धुळ्याकडचे. उभा जन्म जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेला, आणि चाळीस वर्षं या गावात राहूनही त्यांनी आपली अहिराणी एका शब्दानेही इकडची तिकडे होऊ दिली नाही. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नातवंडं खेळवतात, कोपऱ्यावर बसून सरकारला शिव्या देतात. आबांनी लोखंड ओळखायला घेतलं. लोखंड, पितळ, लाकूड, जे काही कुणाच्या तरी आज्याने वापरलं आणि ज्याचं नाव आता घरात कुणालाच येत नाही, असं सगळं.

ओळखायची त्यांची पद्धत अशी की वस्तू जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायची, त्या त्या धंद्यातला सगळ्यात म्हातारा माणूस शोधायचा, आणि त्याला म्हणायचं, "डोया झाक." डोळे मिटले की फडकं सोडवून वस्तू हातात द्यायची आणि गप्प बसून त्या हाताकडे बघत राहायचं. नाव विचारायचं नाही, आपला अंदाज सांगायचा नाही. हात आपोआप वळला, दाबला, फिरवला, तर वस्तू ओळखली गेली. "डोया खोटं सांगस, हात सांगत नही," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. मग लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीची चिठ्ठी कापून तिच्यावर वस्तूचं नाव आणि खाली ज्याच्या हाताने ओळखलं त्याचं नाव लिहायचं आणि दोऱ्याने बांधायची. हात नुसताच पडून राहिला, तर चिठ्ठीवर दोन शब्द: माहीत नाही. कलेक्टर आला तरी या दोन शब्दांच्या जागी तिसरा शब्द बसत नसे.

यापायी झालेले घोळ सांगायचे तर वेगळं पत्रक छापावं लागेल. एरंडोलला त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि आबा गायब. शोधाशोध झाली, तेव्हा आबा मुलीकडच्यांच्या माळ्यावर सापडले, आणि खाली शिडी धरून उभी होती नवरीची सख्खी आजी. आत लांब दांड्याची एक पितळी पिचकारी होती. आजीने डोळे मिटले, पिचकारी हातात घेतली आणि भर लग्नघरात गादीच्या कडेकडेने सपासप हवा मारत निघाली. ढेकणांचं औषध फवारायची पिचकारी. दोन्ही घरच्यांच्या फोटोत फेटा बांधलेले आबा मधोमध बसलेत आणि मांडीवर ती पिचकारी अशी धरलीय, की बघणाऱ्याला वाटावं, आहेरात आली.

दुसऱ्यांदा धुळ्याच्या एसटीत. फडक्यातून डोकावणारं काहीतरी पाहून कंडक्टर म्हणाला, "बाबा, हत्यार आहे का?"

आबा म्हणाले, "डोया झाक."

कंडक्टर काही डोळे झाकेना, पण पारोळ्याच्या पुढे मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याने ती लाकडी दट्टी हातात घेतली आणि अंगठ्याने खाली असा दाब दिला, की आख्ख्या गाडीला फस्स आवाज ऐकू आला. गोटीसोड्याच्या बाटलीतली गोटी दाबायची दट्टी. त्या आजोबांची जवानी सोड्याच्या गाडीवर गेली होती. धुळ्याचा स्टँड आला तरी दोघं उतरेनात, तेव्हा कंडक्टरच म्हणाला, "उतरा आता, नाहीतर परतीचं तिकीट काढा."

आणि मिक्सरचं प्रकरण तर मी जाहीर निषेधासह नोंदवते. मावशीच्या ओट्यामागे आबांना एक रबरी चकती सापडली. फुलासारखी, सहा पाकळ्यांची. सुतार झाला, लोहार झाला, शिंपी झाला. कुणाचा हात हलला नाही. चिठ्ठी लागली: रबरी फूल, माहीत नाही. इकडे मावशी महिनाभर शेजारणीकडे चटणी वाटायला जात होती, कारण घरचा मिक्सर नुसता घरघरायचा, भांडं काही फिरायचं नाही. शेवटी चटणीचा डबा हातात धरून ती आबांच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि चिठ्ठी वाचून म्हणाली, "आबा, डोळे न मिटता सांगते. हे माझं आहे." आबांनी शांतपणे चिठ्ठी फिरवली आणि खाली लिहिलं: ओळखलं, सूनबाई.

खोली म्हणजे गावची जुनी बालवाडी. बालवाडी नव्या इमारतीत गेली आणि आबांनी रिकाम्या खोलीत खिळे ठोकले. भिंतीवर अननस, आगगाडी, इमारत अशी रंगवलेली चित्रं आणि त्यांच्याखाली तीनशेच्या वर वस्तू टांगलेल्या. बैलाला औषध पाजायची बांबूची नळी, कापसाच्या गाठी ओढायचे आकडे, पाटा टाकवायच्या छिन्न्या. दारात बसून आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलवत. ही खोली आबांची राजधानी होती, आणि एक दिवस पंचायतीने सांगितलं की महिन्याभरात ती रिकामी करा, तिथे व्यायामशाळा होणार. सामानाचं काय, तर भंगारवाला येईल.

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते धुळ्याला, देवपुरात लेकीकडे निघून गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "माय, दाराले कुलूप लावजो." पण त्या पाठीकडे बघून माझं डोकं फिरलं. तीनशे वस्तूंना नाव मिळवून देणाऱ्या माणसाच्या खोलीत आता पोरं दंड फुगवून आरशात बघणार? मी पत्रक लिहायला घेतलं.

पत्रकाला एक पीडित लागतो आणि एक हत्यार लागतं, हे मला चळवळीत पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. हत्यार शोधत मी भिंतीवरून नजर फिरवली आणि थेट मगरीवर थांबले. ती ओतीव लोखंडाची खरंच मगर होती. वीतभर लांब, शेपटी म्हणजे मूठ. शेपटी उचलली की जबडा उघडायचा, दाबली की मिटायचा, आणि जबड्यात ओळीने चार खाचा, मोठीपासून लहानपर्यंत, आतून खरबरीत. अकरा वर्षं चिठ्ठीवर एकच: माहीत नाही. मी आपली बोटं घालून पाहिली. अंगठा पहिल्या खाचेत, मग मधलं बोट, मग अंगठ्याशेजारचं, करंगळी शेवटी. बसली, हो, चारी बसली. माझ्या अंगावर काटा आला, आणि अंगावर काटा आला की मी पुरावा बघत नाही. "याच जबड्यात गोऱ्या साहेबाने आपल्या पणजोबांची बोटे चिरडली. आणि आज पंचायत हा पुरावा भंगारात काढते आहे." गुलाबी कागद, हजार प्रती.

गाव पेटलं. असोद्याहून, जळगावहून मोटरसायकली आल्या. कुणीतरी मगरीला हार घातला, कुणीतरी पुढे नारळ फोडला. एक पोरगा माईक नसताना माईकसमोर बोलल्यासारखा बोलला, की आमच्या आज्याला डाव्या हाताला चारच बोटं होती, ती का होती हे आज कळलं. बायका रडल्या. मी पण रडले, मला वाटतं सगळ्यात जास्त. तिसऱ्या दिवशी सरपंचबाईंनी जाहीर केलं की व्यायामशाळा दुसरीकडे पाहू, इथे स्मृतिदालन होणार, येत्या रविवारी उद्घाटन. खोली वाचली होती.

बुधवारी आबा काळा चष्मा लावून परतले. नव्या डोळ्याने त्यांनी पहिली वाचलेली गोष्ट म्हणजे माझं पत्रक. एकदा वाचलं, उलटं करून मागे काही आहे का पाहिलं, पुन्हा वाचलं.

"कोनी सांगं तुले?"

"आबा, खाचा बघा ना. बोटंच बसतात."

"कोना हात होता?"

"माझा."

"तुना हातनी कधी काय दाबं?" म्हणजे, तुझ्या हाताने आयुष्यात कधी काही दाबलंय का. आबांनी मगरीच्या गळ्यातला हार काढून खिळ्याला अडकवला, मगर फडक्यात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन धुळ्याची एसटी धरली. वाटेत समजलं ते असं: अकरा वर्षं त्यांनी मगर लोहार, चांभार, सोनार, बेडीवाला, सगळ्यांना दाखवली होती, कारण लोखंड जड होतं आणि जड काम त्यांच्या डोक्यात होतं. पण डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक म्हातारे चाचा होते, पन्नास वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. आणि या जमातीला आपण कधी विचारलंच नाही, हे आबांना तिथे पडल्या पडल्या सुचलं होतं.

देवपूरला चाचा ओसरीत बसले होते, एका डोळ्यावर अजून पट्टी. "आबा, डोळे झाकायची मेहनत अर्धीच आहे माझी," असं म्हणत त्यांनी दुसरा मिटला. आबांनी मगर हातात दिली. चाचांच्या उजव्या हाताने शेपटी उचलली. डाव्या हाताने हवेतून काहीतरी छोटंसं उचललं, तिसऱ्या खाचेत ठेवलं, उजव्याने हलकेच दाबलं, जरा फिरवलं, पुन्हा दाबलं, काढलं, आणि हवेतल्याच एका बाटलीच्या तोंडात घट्ट बसवलं. वर अंगठ्याने एक टिचकी. मग ते हसले.

"बूच, आबा. बूच नरम करायची मगर आहे ही. कोरडं बूच बाटलीत जातं कुठे? पहिली खाच मोठ्या मिक्श्चरची, दुसरी खोकल्याची, तिसरी थेंबांची. आणि ही सगळ्यात बारीक, डोळ्यांच्या औषधाची."

आबा इतके खूश झाले की त्यांनी चाचांचा हात धरला तो सोडेनात. दोघंही एका डोळ्याने रडत होते, आणि डॉक्टरने नेमकं तेच मना केलेलं होतं.

परतीच्या एसटीत मी हात जोडले. "आबा, रविवारपर्यंत गप्प राहा. एकदा पाटी लागली की मग सांगा. खोली गेली तर सगळं भंगारात जाईल. तीनशे वस्तू, आबा. एका बुचापायी?"

त्यांनी मांडीवरचं फडकं नीट केलं. एरंडोल गेलं तरी बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं.

रविवारी मांडव, खुर्च्या, सगळं थाटात. सरपंचबाईंनी आबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. आबांनी खिशातून नवी चिठ्ठी काढली आणि मगरीच्या शेपटीला बांधत बांधत, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचली. "बूच नरम करायचं यंत्र. ओळखलं, चाचा, देवपूर." आणि खाली बसले.

मग चार बोटांच्या आज्याचा नातू उठला. "आबा, मग आमच्या आज्याचं बोट?"

"कडबा तोडतांना गयं व्हतं," आबा म्हणाले, अगदी मायेने. "तो माना दोस्त व्हता. मीच फडकं बांधेल व्हतं."

सरपंचबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. तो आजतागायत खोचलेलाच आहे.

खोली गेली. भंगारवाला मात्र आला नाही, कारण मावशी उद्घाटनाच्या आदल्या रात्रीच घरातले पलंग उचलून विटांवर चढवून मोकळी झाली होती. "खाली ठेवा आबा, पण माझ्या मिक्सरपासून लांब," एवढीच अट. मगर टीव्हीवर बसली. जुन्या बालवाडीत यंत्रं आली, चकचकीत, कप्प्या आणि तारांची, आणि पहिल्याच आठवड्यात आबा काळा चष्मा लावून तिथे हजर. एकेका पोराला यंत्राशी उभं करून "डोया झाक." पोरांचे हात नुसतेच लोंबकळले. दुसऱ्या दिवशी चार यंत्रांवर लग्नपत्रिकेच्या चिठ्ठ्या होत्या: माहीत नाही. पोरांनी त्या काढल्या नाहीत, कारण यंत्रांच्या माहितीफलकावरचं इंग्रजी त्यांनाही वाचता येत नव्हतं.

आता दुसरा डोळाही मंदावलाय, म्हणून रविवारी मी चिठ्ठ्या लिहायला जाते. अशाच एका रविवारी त्यांनी फडक्यातलं काहीतरी माझ्यापुढे धरलं. "डोया झाक." मी मिटले. हातात थंड, गोल, मधे पोकळ, एका कडेला दाते असलेलं काहीतरी आलं. मी वाट पाहिली. खरंच मनापासून वाट पाहिली. उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलला, खालून वर, खालून वर, मोबाईलवर हलतो तसा. आबा ते बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"लिही," ते म्हणाले. मी लिहिलं: माहीत नाही.

"तुम्हाला माहितीय ना, आबा?"

त्यांनी फडकं गुंडाळून गाठ मारली आणि माझ्या झोळीत, पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. "आजून दोन-चार म्हातारा शेतस. जाय, इचारीसन ये."

दिवाळीच्या आधी चाचा गेले. गठ्ठ्यावरचं ते फडकं अजून माझ्या झोळीत आहे. एसटीत शेजारी कुणी म्हातारं माणूस येऊन बसलं की मी आधी त्याच्या हातांकडे बघते, आणि मग पत्रक बाजूला ठेवून गाठ सोडते.