कापसाच्या पातीत शिकलेलं इंग्रजी

हे मी अजून कोणापाशी बोललो नाही. आईपाशी नाही, खोलीवरच्या मित्रापाशी नाही. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

मी भीमपूरकडच्या खेड्यातला. घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच. शाळा मराठी, आणि आदिलाबादला आलो तर सगळं इंग्रजी. पहिल्या वर्षी इंग्रजीतच नापास झालो. पुढं शिकावं की सोडावं — असं चाललं होतं.

मला सावरलं ते वहिनीनं. ती मुधोळची, इंटर म्हणजे बारावी पास. तिला पुढं शिकायचं होतं, पण लग्न झालं आणि ती आमच्याबरोबर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला लागली. दिवाळीच्या सुट्टीत मीही जायचो. माझी पात, म्हणजे वेचायची ओळ, तिच्या पातीला लागून. वेचता वेचता ती मराठीत वाक्य द्यायची, मी ते इंग्रजीत करायचो. मी हमखास क्रियापद शेवटी टाकायचो, आपल्या मराठीसारखं.

"भाऊजी, पुन्हा शेपटीले बांधलं का? जा वापस!"

आणि मला खरंच पातीच्या सुरुवातीला जाऊन सुटलेली बोंडं वेचत यावं लागायचं. बाया हसायच्या. पण आठ दिवसांत क्रियापद जागेवर बसलं.

'आय पिक्ड' आणि 'आय हॅव पिक्ड' यातला फरक मात्र डोक्यात शिरेना. तिनं कमरेच्या भरल्या ओटीवर थाप मारली. "येचून झालं, पन कापूस अजून ओटीतच हाये — तवा हॅव. ढिगावर टाकून मोकळे झालो — मंग नुसतं पिक्ड." इतकं सोपं मला कोणी सांगितलं होतं?

सुट्टीनंतर इंग्रजीच्या सरांनी वर्गात हेच विचारलं. मी उठून ओटीचं उदाहरण दिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर गुंटूरकडचे, मराठी न येणारे; त्यांनी तास संपल्यावर मला खोलीत बोलावलं. "ये तुमको कौन सिखाया?" मुलींच्या वसतिगृहात मराठी शाळेतून आलेल्या मुली इंग्रजीत अडकल्या होत्या. त्यांना शिकवायला मराठी येणारी बाई हवी होती, कधीची मिळत नव्हती. इंटर पास असली तरी चालेल, म्हणाले. घरातली कोणी असेल तर घेऊन ये.

मला सगळं समजलं होतं — हे आधीच सांगतो. गोंधळलो नव्हतो.

"कोई नहीं सर. मैं खुद सीखा."

का? कापूस वेचणारीचं नाव घ्यायची लाज वाटली? थोडी वाटली. पण खरं याहून वाईट आहे. त्या टाळ्या मला एकट्याला हव्या होत्या.

घरी गेलो तेव्हा टाळ्यांचं तिला सांगितलं. तिनं भाकर थापता थापता विचारलं, "सरांनी इचारलं नाही का, कोनी शिकोलं म्हून?"

"नाही इचारलं."

ती हसली. "बरं झालं! नाई तं म्हनले असते, हे कापूस येचनारी मास्तरीन कुठून काढली!"

ती वसतिगृहात गेली असती का? दादानं जाऊ दिलं असतं का? माहीत नाही. ते तिनं ठरवायचं होतं. मी ते तिच्यापर्यंत पोचूच दिलं नाही. त्या मुलींना त्या वर्षी कोणीच मिळालं नाही, आणि त्यातल्या दोघी घरी परतल्या.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. इंग्रजी वाचतो, लिहितो, चुकलो तरी घाबरत नाही. आयुष्यात मला कोणी इतकं दिलेलं नाही, आणि तिनं ते हसत, कंबर वाकवून, कामात खंड न पाडता दिलं. मी पास झालो तेव्हा तिनं गल्लीत साखर वाटली. माझ्या हातावर आधी ठेवली.

सरांनी विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं. तिचं नाव शोभा.