भाचीला पाहिजे

आमच्या आत्याने उभ्या आयुष्यात स्वतःसाठी काही घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण दुकानात नाव दुसऱ्याचं सांगितलं. गुलाबी साडी घेतली ती जावेसाठी. आईस्क्रीम पोरांसाठी, आणि घरात पोर एकही नाही. एसटीत खिडकीची जागा हवी असायची ती बाहेर बघायला, पण सांगायची, ‘मला उलटी हुती.’ जावेच्या नावाने आणलेली साडी महिनाभर कपाटात पडून राहायची आणि मग ‘तिला रंग न्हाय आवडला’ म्हणून आत्याच्या अंगावर यायची. बार्शीला राहणाऱ्या त्या जावेला असल्या साड्यांचा पत्ताही नसायचा. एरवी आत्या खोटं बोलणारी बाई नव्हती. फक्त ‘मला हवंय’ हे दोन शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडायचे नाहीत. पडायची वेळ आली की तिचे कान लाल व्हायचे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची, थोरली बहीण. गाव आमचं करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठावर. लग्न होऊन ती सोलापूरला आली, नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात ती कॉलेजच्या मुलांचे डबे करायची. मी इंजिनिअरिंगला सोलापुरात आले तेव्हा तिच्याकडेच राहिले. तिची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्लेली मुलं पुढे कुठे कुठे नोकरीला गेली, तरी सणाला तिला फोन करायची. असल्या मानाच्या बाईला एका दुपारी कॉम्प्युटरवरच्या खेळाने पछाडलं.

झालं असं, की डबेवाला आला नाही म्हणून ती स्वतःच मुलांच्या खोलीवर डबा द्यायला गेली. तिथे एक मुलगा लॅपटॉपवर ट्रक चालवत होता. बाहेर बर्फ, रस्ता लांबच लांब, आणि हा गिअर टाकतोय. आत्या दारातच उभी राहिली. परत आली ती उशिरा, आणि आल्या आल्या मला म्हणाली, “पिंके, त्या ट्रकला आरशातबी मागचं दिसतं गं!” तिच्या लहानपणी आमच्या घरी ट्रॅक्टर आला तेव्हा तिनेही एकदा चालवायला मागितला होता. आजोबा हसले, आप्पाही हसले. आप्पांना स्टिअरिंग मिळालं आणि तिला शेजारी मडगार्डवरची जागा. “मडगार्डवर बसून समदं शिकले मी,” ती म्हणायची. “गिअर कवा बदलायचा ते मला आवाजावरनं कळायचं. आप्पाला न्हाय कळायचं. लई कुरकुर करायचा त्याचा गिअर.”

मग तिचा अभ्यास सुरू झाला. दुपारी डबे गेले की भिंतीला टेकून, कानात इअरफोन घालून, मोबाइलवर ती व्हिडिओ बघायची. कमी बजेटमध्ये गेमिंग कॉम्प्युटर कसा जुळवावा, कुठला प्रोसेसर, कुठलं कार्ड. शेजारच्या काकूंना सांगितलं होतं, की प्रवचन ऐकते. काकू एकदा म्हणाल्या, “काय सांगितलं आज महाराजांनी?” आत्या गडबडली, पण सावरली. “दिखाव्यावर खर्च करू नये म्हनले. जे आतनं काम करतंय त्येच्यात घालावं.” काकूंनी हात जोडले. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबायचा तर पदरच नव्हता, म्हणून ओढणी कोंबली.

दुकानात जायची वेळ आली तेव्हा मात्र माझं हसू आटलं. कारण आत पाऊल टाकताच आत्याने मला पुढे ढकललं आणि म्हणाली, “भाचीला पायजे.”

दुकानदार श्रीनिवास, चटपटीत माणूस. त्याने मला विचारलं, “मॅडम, कोणते गेम खेळता?” मला पत्ते सोडून काही येत नव्हतं. मागून आत्या कुजबुजली, “ट्रकचा म्हन.” मी म्हटलं, “ट्रकचा.” माझ्या वर्गातली दोन मुलं शेजारी माऊस बघत होती. ती माझ्याकडे आणि आत्याच्या जुन्या पायताणाकडे आळीपाळीने बघायला लागली. डबे करणाऱ्या बाईच्या पैशांवर मजा करायला निघालेली पोरगी, असं ते मनात म्हणत असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

श्रीनिवास भाग मांडत होता आणि माझ्या तोंडून आत्या निवडत होती. आजचा नवा प्रोसेसर नको, गेल्या पिढीचा चालेल, असं तिने माझ्या पाठीत बोट खुपसून मला वदवलं. रॅमची एकच पट्टी घेऊ, दुसरी जागा मोकळी राहू दे, पुढे बघू. मॉनिटर नकोच, घरात टीव्ही आहे. वाचेल तेवढं सगळं ग्राफिक्स कार्डात. पॉवर सप्लाय श्रीनिवासने साधा काढला तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. “ह्यो नगं,” ती स्वतःच बोलली. “पान्यावरच्या मोटरी अशाच जळत्यात. करंट चांगला पायजे, बाकी मग बघू.” श्रीनिवास म्हणाला, “मावशी, तुम्हाला बरंच कळतं की!” झालं. कान लाल. “हिनंच सांगितलं घरी,” असं म्हणून ती माझ्या मागे गेली.

शेवटी कॅबिनेट. श्रीनिवासने काचेची, आतून रंगीत दिवे लागणारी पेटी लावून दाखवली. आत्याने त्या दिव्यांकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही. जत्रेतल्या पाळण्याकडे बघावं तसं बघितलं तिनं. मग म्हणाली, “साधी द्या. काळी. हापिसात असती तशी.” कोणी घरी आलं तर कळू नये, हा हिशोब. मला खरं तर सांगता आलं असतं, की द्या ती दिव्यांची, मलाच पाहिजे. सगळ्या पापाची धनी मीच होते, आणखी दोन दिव्यांनी काय बिघडणार होतं? पण ती मुलं अजून तिथेच होती.

घरी आल्यावर ती पेटी टीव्हीखाली गेली आणि तिच्यावर सोलापुरी चादर चढली. कीबोर्ड पोळपाटामागे, माऊस चहाच्या डब्यात. दुपारी दाराला कडी घालून आत्या ट्रक चालवायची. आणि काय चालवायची! बाकीचे लोक खेळात गाडी पळवतात, ही वळणावर हॉर्न द्यायची, सिग्नलला थांबायची, उतारावर गिअर कमी करायची. मागून कोणी घुसलं तर “जा बाबा, तुला लई घाई” म्हणून वाट द्यायची. तिचा असा चेहरा मी एरवी कधी पाहिला नाही. पण जिन्यात पाऊल वाजलं, की टीव्हीवर भक्तिगीतं लागायची.

चादर मात्र ती खेळतानाही काढायची नाही. पंख्याचा आवाज काकूंना ऐकू जाईल, ही भीती. सोलापूरचा उन्हाळा, पत्र्याचं छप्पर आणि वरून जाड चादर. यंत्र बिचारं किती सोसणार? चालता ट्रक भर घाटात बंद पडायला लागला. कॉम्प्युटर माझ्या अभ्यासातला विषय, पण चादरीचं माझ्याही डोक्यात आलं नाही. आत्याने वेगळाच अर्थ काढला. “बघ पिंके, पचत न्हाय आपल्याला,” ती म्हणाली. “बाईनं ह्या वयात असलं करू नये, तेच सांगतंय ते.” तिचे डोळे भरले होते. मी श्रीनिवासला फोन केला.

तो आला नेमका त्या दिवशी, जेव्हा आप्पा गावाहून केळीचे घड घेऊन आले होते. श्रीनिवासने चादर ओढली आणि कपाळावर हात मारला. “अहो, गेमिंगचं मशीन असं झाकतात का? श्वास तर घेऊ द्या त्याला!” आप्पांनी विचारलं, “कसलं मशीन?” तो कौतुकाने म्हणाला, “तुमच्या मुलीचं. मावशींनी भाचीच्या हौसेसाठी घेतलंय, नशीबवान आहे पोरगी.”

तो गेला आणि आप्पा सुरू झाले. विधवा बहिणीच्या कष्टाचा पैसा, लाज वाटत न्हाय का, शिकायला ठेवलंय का गेम खेळायला. मी आत्याकडे बघितलं. ती खाली मान घालून लसूण सोलत होती. त्याच पाकळीवर नख फिरवत होती, साल निघून गेलं तरी. एकदा तिने तोंड उघडलं, कान लाल झाले आणि तोंड परत मिटलं. मीही काही बोलले नाही. मोठेपणाने नाही. ती सांगेल, आत्ता सांगेल, अशी वाट बघत राहिले आणि आप्पा चप्पल घालून निघूनही गेले.

त्यानंतर आप्पा माझ्याशी बोलेनात. आई फोनवर रडायची. आत्या माझ्या ताटात तुपाची धार वाढवत गेली, पुरणपोळ्या झाल्या, धपाटे झाले. मी मुकाट्याने जेवत होते आणि मनात म्हणत होते, तूप नको, दोन शब्द बोल. टीव्हीखालची पेटी बंदच होती. शेवटी एके सकाळी ती पिशवी भरून उभी राहिली. “चल, गावाला जाऊ.”

केम स्टेशनला रेल्वेतून उतरलो. आप्पा ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आले होते, खताची पोती न्यायची होती. मी पोत्यांवर बसले. आत्या सवयीने पुढे मडगार्डवर. अर्ध्या वाटेत मला दिसलं, की ती आप्पांकडे न बघता, समोर बघत काहीतरी बोलते आहे. इंजिनाच्या आवाजात मला अक्षर ऐकू येत नव्हतं. आता वाटतं, म्हणूनच तिने ती जागा निवडली होती. आवाजात सांगून टाकावं, ऐकलं तर ऐकलं. पण आप्पांनी भर रस्त्यात ट्रॅक्टर बंद केला.

“काय म्हनलीस आक्का?”

आता सगळीकडे शांतता. तिला परत सांगावं लागलं.

“त्ये मशीन माजं हाय. पोरीचं न्हाय. मला पायजे हुतं. मीच चालिवती त्येच्यात ट्रक.” आणि पदराने तोंड झाकलं.

आप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले. मागून मला त्यांची मान दिसत होती. मग ते खाली उतरले, उगाच चाकाला लाथ मारून हवा बघितली, आणि रिकाम्या सीटकडे हात करून म्हणाले, “बस. चालव.”

आत्या सीटकडे बघत राहिली. मला वाटलं, बसते. पण लांबून एक म्हातारा शेळ्या घेऊन येत होता. “लोक बघत्यात रं,” ती म्हणाली. “चल तू. आन् आता आनखी कुनाला सांगू नगंस.”

आप्पा परत चढले. अंगणात आल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता चहाचा कप माझ्यापुढे केला. “घे पिंके,” एवढंच. माझ्यावरचा डाग पुसला गेला म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण आत्या चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि मला माझ्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

पुढे आप्पा सोलापूरला आले की दुपारी थांबायला लागले. आत्या कडी घालून चालवायची आणि आप्पा तिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून बघायचे. फारसं बोलायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, “गिअर कुरकुरत न्हाय तुजा.” आत्या हसली नाही, पण त्या दिवशी तिने रस्ता संपला तरी ट्रक थांबवला नाही.

गेल्या वर्षी आत्या गेली. झोपेतच, कुणाला त्रास न देता, तिच्या रीतीने. दिवस झाल्यावर घर आवरायला सगळे नातेवाईक जमले. भांडी कोणाला, कपाट कोणाला, चाललं होतं. सामान न्यायला आप्पा गावाहून ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आले होते. टीव्हीखालची पेटी पुढे आली तेव्हा बार्शीची जाऊ म्हणाली, “ते पिंकीचं बाई. आत्याकडून हट्टानं घेतलंवतं. ते तिलाच द्या.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही मान डोलावणार होते. आणखी कुणाला सांगायचं नाही, हे तिनेच बजावलं होतं.

“पिंकीचं न्हाय,” आप्पा म्हणाले. “माज्या बहिणीचं हाय. तिनं सोताला घेतलंवतं. खेळायला.”

जावेने पदर तोंडाला लावला. “अगं बाई! ह्या वयात?” मागे कोणीतरी हसलं. माझेच कान तापले. आत्या तिथे असती तर लसूण शोधत आत गेली असती.

“व्हय,” आप्पा म्हणाले. “लई चांगलं चालवायची. मी शेजारी बसून बघितलंय.”

मग त्यांनी चादर काढली, नीट घडी करून माझ्या हातात दिली, आणि ती काळी पेटी उघडीच उचलून, काकूंच्या दारावरून, सगळ्या गल्लीच्या देखत ट्रॉलीकडे घेऊन गेले.