सुप्रभाताईंची राज्यक्रांती

सुप्रभाताईंना खरं तर जर्मनीला जायचं होतं. त्यासाठी पुण्यात मेडिकल करता करता त्यांनी जर्मनच्या परीक्षाही दिल्या होत्या. पण लग्न ठरलं, शशींना नोकरी ग्लासगोत लागली, आणि जर्मन राहिली ती राहिलीच. पुढची तीसेक वर्षं त्यांनी इथल्या हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्यात घालवली. रिटायर झाल्यावर मात्र घर खायला उठलं, म्हणून दोघं जवळच्या हॉलमधल्या फिल्म क्लबला जाऊ लागले.

त्या रविवारी दुपारी फ्रेंच राज्यक्रांतीवरचा, शंभर वर्षांपूर्वीचा जर्मन मूकपट होता. हॉल भरलेला, पियानोवाली बाई तयार. सिनेमा सुरू झाला आणि थोड्याच वेळात इंग्रजी सबटायटल्स गायब! पडद्यावर नुसत्या जर्मन पाट्या. क्लब चालवणारा कॅलम लॅपटॉपशी झटापट करून दमला आणि शो रद्द करायचं म्हणू लागला.

"अहो, मला वाचता येतंय हे," सुप्रभाताई शशींच्या कानात म्हणाल्या.

"मग मला काय सांगतेस? त्याला सांग."

कॅलमने लगेच माइक आणून दिला. पहिल्या दोन-चार पाट्या त्यांनी ब्लड रिपोर्ट वाचावा तशा इंग्रजीत वाचल्या. एक शब्द अडला, तिथे बेधडक ठोकून दिलं. मग कोर्टाचा प्रसंग आला. ज्याने क्रांती पेटवली तोच आता आरोपी, आणि न्यायाधीश त्याला बोलू देईना. सुप्रभाताईंना मनापासून राग आला. न्यायाधीशाला त्यांनी हॉस्पिटलातल्या आपल्या एका जुन्या कन्सल्टंटचा खडूस आवाज दिला आणि आरोपीला अस्सल ग्लासगोचा. हॉल आधी हसला, मग न्यायाधीशाची हुर्यो उडवू लागला. कैद्यांची गाडी गिलोटिनकडे निघाली तेव्हा मात्र पाटीच नव्हती. ताईंनी माइक खाली घेतला, आणि हॉलमध्ये नुसता पियानो वाजत राहिला.

शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"जन्मभर लोकांना झोपवलंस," शशी म्हणाले, "आज मला साधी डुलकीही लागू दिली नाहीस."

कॅलमने सबटायटल्स दुरुस्त केली, पण मेंबरांना ती नकोच होती. आता जर्मन मूकपट असला की माइक ताईंकडे. भाषा घासूनपुसून घ्यायला त्या ऑनलाइन क्लासला बसतात. तिथे वयाने सगळ्यांत मोठ्या त्याच. सध्या एका विनोदी मूकपटातल्या भांडकुदळ सासूचा आवाज बसवणं चालू आहे. परवा शेजारीण दार वाजवून विचारून गेली, घरात सगळं ठीक आहे ना म्हणून.