अंतरपाट सरतानाचे बटण

मंगलमूर्ती गणरायाला वंदन करून, अकोल्याच्या जुन्या शहरात मी लावलेल्या एका विवाहाची आठवण सांगतो. तेथील छायाचित्रकाराचे नाव मी विचारले नाही.

रीतीप्रमाणे मंगलाष्टके चालू असताना वधूची माता मंडपात थांबत नाही. ती तुळशीला पाणी घालते. मंगलाष्टके सुरू होण्याआधी अंगणाकडे जाताना ती छायाचित्रकाराला म्हणाली, "भाऊ, अंतरपाट सरताना पोरीचं तोंड मले पाहाले भेटत नाही. तेवढं टिपजा."

त्याने लगेच कॅमेरा मांडीवर घेतला. अंगठ्याखालच्या बटणाला चेहऱ्यावर फोकस धरण्याचे काम नेमून दिले आणि पुढच्या डायलला उजेड कमीजास्त करण्याचे. मग डोळे मिटून, जपमाळेचे मणी ओढावेत तसे, त्याने प्रत्येक बटण चाचपले.

"डोळे का मिटलेत?" मी विचारले.

"महाराज, बटन पाहाले गेलो का पोरगी हुकली! तुमी शेवटचं सावधान लांबवता का झटक्यात म्हणता?"

"लांबवतो."

"मंग जमते."

अंतरपाट सरला. अक्षतांच्या वर्षावातही त्याची नजर वधूवरून ढळली नाही. बोटे आपले काम करीत राहिली. नंतर तो तडक तुळशीपाशी गेला. मातेने ओले हात पदराला पुसले आणि कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिले. समोर वर उभा असताना लेकीची नजर अंगणाकडे वळली होती.

"मलेच पाहून राहिली रे!" ती म्हणाली.

वाचकहो, तुमच्या घरच्या लेकींकडे अशीच अढळ नजर राहो. सर्व कुटुंबाचे कल्याण असो.