निरवांगीच्या उसातलं चर्च

बारामतीत माझं घरांचे नकाशे काढून देण्याचं ऑफिस आहे, आणि मी तापट आहे. या दोन्ही गोष्टी इंदापूरपर्यंत सगळ्यांना माहीत आहेत. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक ऊसवालं. त्याला वर स्लॅब, पुढे पोर्च, जिन्याला स्टीलचं रेलिंग आणि गेटच्या खांबांवर सिमेंटचे दोन सिंह पाहिजे असतात. सिंह मी नकाशात दाखवत नाही. ते गवंडी परस्पर बसवतो.

त्यामुळे निरवांगीचे आबा जेव्हा बगलेत गुंडाळी मारून ऑफिसात आले, तेव्हा मला वाटलं, सातबारा असेल. त्यांनी टेबलावर गुंडाळी उलगडली तर चांगला तीन फुटी फ्लेक्स. फ्लेक्सवर इंग्लंडातलं एक खेड्यातलं चर्च. करड्या दगडाचा चौकोनी बुटका मनोरा, त्याला चिकटून उतरत्या छपराची लांबलचक इमारत, टोकदार खिडक्या, ओलं गवत आणि गवतात कललेल्या थडग्यांचे दगड. फ्लेक्सवाल्याला सवयीनं राहवलं नसावं. त्यानं कोपऱ्यात आबांचा हात जोडलेला फोटो टाकून खाली ‘शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ’ असं छापून दिलं होतं.

“बाई, ह्ये बांधायचं,” आबा म्हणाले.

“आबा, हे चर्च आहे.”

“ठावं हाय की. देव ज्याचा त्याला. मला निस्तं घर तसलं पायजे.”

मी कपाळाला हात लावला. मग त्यांनी सांगितलं. त्यांची धाकटी मुलगी इंग्लंडात एका खेड्यातल्या वृद्धाश्रमात नर्स आहे. पाच वर्षांत ती एकदाही घरी आली नव्हती. दर रविवारी मात्र न चुकता फोटो पाठवायची, तोही याच चर्चचा. पावसातलं चर्च, धुक्यातलं चर्च, मनोऱ्यावर कावळा बसलेलं चर्च. आबांनी मोबाईल माझ्या पुढ्यात धरून बोटानं फोटो सरकवले. दोनशे तरी असतील, आणि मुलीचा स्वतःचा एकही नाही.

“तिला लई आवडतंय बगा त्ये. मंग म्हनलं, जे तिला तितं आवडतंय त्येच हितं हुबं केलं, तर पोरगी परत यील. कायमची. तिची आई झुरतीय वो.” एवढं बोलून ते खिडकीकडे बघायला लागले. आई झुरत असेल, पण डोळे त्यांचे भरले होते.

मी तापट असले तरी दगड नाही. हो म्हणून बसले.

मग मी वाचायला लागले आणि माझंच डोकं फिरलं. आपल्याला वाटतं, चर्च म्हणजे कुणीतरी नकाशा काढला, बांधलं, संपलं. तसं नाहीच. त्या खेड्यातली चर्चं कुणा एकानं बांधलेली नाहीत. आधी एक साधी खोली आणि जाड भिंती. गावाकडे लोकरीचा पैसा आला की भिंत फोडून बाजूला पडवीसारखा पाखा काढायचा. पुढच्या पिढीला मनोरा पाहिजे, काढा मनोरा. जुन्या खिडकीची कमान अर्धगोल, नंतरच्या खिडकीची टोकदार, आणि दोन्ही एकाच भिंतीत शेजारी शेजारी. भिंतींवर आधी चित्रं होती, मग धर्माचा वारा फिरला आणि सगळ्यांवर चुना फासला. मधल्या मोठ्या दालनात सुरुवातीला बाकंही नव्हती. लोक उभे राहायचे, थकलेले भिंतीकडेच्या दगडी कट्ट्यावर टेकायचे, आणि त्याच दालनात गावाच्या बैठका व्हायच्या, जेवणावळी उठायच्या. आपल्या चावडीत आणि त्यात मला तर काही फरक दिसेना.

सगळ्यात मजा डागडुजीची. पूर्वेचा देवाचा भाग पाद्रीबुवांनी सांभाळायचा आणि लोकांचं दालन गावानं. त्यामुळे कुठंकुठं अर्धं छप्पर नवंकोरं आणि अर्धं गळतंय. हे मी आबांच्या दोन मुलांना सांगितलं, तर दोघं एकमेकांकडे बघून एकदमच म्हणाले, “गळनारं अर्दं माझं न्हाय.” नकाशावर पहिली रेघ ओढायच्या आधीच वाटणी झाली.

सांगवीचे एक वास्तुवाले आले. मला वाटलं, हा माणूस चर्च बघून पळून जाईल. पण त्यांनी होकायंत्र फिरवलं आणि खूश झाले. देव पूर्वेला? उत्तम. जड मनोरा पश्चिमेला? अत्युत्तम. पाण्याची टाकी मनोऱ्यात? “इंग्रजांनी आपलंच शास्त्र उचललंय, बाई.” फक्त दार दक्षिणेला आहे म्हटल्यावर ते ताडकन उठले. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, दार उत्तरेलाच हवं. आता तिकडची गंमत अशी की त्यांच्या जुन्या समजुतीत उत्तर बाजू सैतानाची. म्हणजे यमाला टाळायचं तर सैतानाला सामोरं जायचं. आबा म्हणाले, “सैतानाला हितला पत्ता कुठं ठावा हाय?” दार उत्तरेला गेलं.

बारामतीच्या एमआयडीसीतला ग्रिलवाला टोकदार कमान बघून म्हणाला, “मॅडम, टोक कशाला? पिंपळाचं पान करू का, लोकांना झेपंल.” मी त्याला असं झापलं की पुढचे चार दिवस तो माझा फोन उचलेना. चर्चच्या छपराखाली पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला राक्षसांची दगडी तोंडं असतात. बावड्याच्या गवंड्याला मी फोटो दाखवला. तो म्हणाला, “बाई, राकुस आपल्याला येत न्हाय. शिंव्ह येतो.” आले. सोळा सिंह आले. पहिल्या वळवाला त्यांच्या तोंडातून पाण्याच्या धारा शेजारच्या मक्यात पडल्या आणि शेजारी काठी घेऊन आला.

रंगीत काचांवर तिकडे संत असतात. इथं कोण? एकाचं चित्र लावलं की दुसरा रुसणार. शेवटी आबांनी ऊस, डाळिंब आणि बैलजोडी मंजूर केली. त्या काचांचं ऊन स्वयंपाकघरात असं पडायचं की काकू, म्हणजे आबांच्या मंडळी, सकाळी भाकऱ्या थापताना डाळिंबी दिसायच्या आणि अकराला हिरव्या. एका पाव्हणीनं त्यांना कावीळ झाल्याचं गावभर करून टाकलं.

मनोऱ्याच्या टोकावर वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा बसवला. आठवड्यातच लोक गाडी थांबवून गावरान अंड्यांचा भाव विचारायला लागले. पुढे लग्नाआधीचे फोटो काढणारे आले. नवरी गाऊनमध्ये, नवरा कोटात, डोक्यावर ड्रोन. आबा सगळ्यांना चहा पाजायचे. सरपंच एकदा हळूच मला बाजूला घेऊन म्हणाले, “आबांनी धरम तर बदलला न्हाय ना?” तेवढ्यात मनोऱ्यातून सत्यनारायणाच्या आरतीचा स्पीकर सुरू झाला आणि त्यांना हायसं वाटलं.

आणि हे सगळं मुलीपासून लपवून. आबांचा हुकूमच होता, “आली की बगंल.” त्यामुळे तिचा व्हिडिओ कॉल आला की घर दिसू नये म्हणून आबा आणि काकू पळत जाऊन उसात बसायचे. दीड वर्ष त्या दोघांनी मुलीशी उसात बसून बोलणं केलं. ती विचारायची, “आबा, तुम्ही कायम रानातच कसे? घर हाय ना जाग्यावर?” आबा म्हणायचे, “हाय की. कुठं जातंय?” ऊस तुटून गेला तेव्हा ते शेजाऱ्याच्या उसात बसायला लागले.

मीही त्यात बुडाले होते, कबूल करते. अकरा वेळा नकाशा बदलला. मोठं दालन म्हणजे हॉल. उजवा पाखा थोरल्याचा, डावा धाकट्याचा, दोघांना संडास-बाथरूम आतच. पूर्वेला देवघर, त्यामागे आबा-काकू. पाद्र्याचे कपडे ठेवायच्या जागी कोठीघर. पाव्हण्यांना वेगळी खोली, कारण सोयरे मोठे. मनोऱ्यात खाली खताची पोती आणि मोटरचा स्टार्टर, वर टाकी. ट्रॅक्टरला शेड, आणि अजून रांगणाऱ्या नातवालाही अभ्यासाची खोली. मी मिरवत होते, एक इंच वाया गेला नाही म्हणून.

मग ती आली, फोनवर तीन आठवड्यांची सुट्टी सांगून. आबांनी मलाही बोलावलं होतं. ते पहाटेपासून पांढरा कडक सदरा घालून दारात उभे होते, आणि गाडीचा आवाज आला तसे मनोऱ्याच्या आडोशाला गेले. धीर होईना त्यांना.

ती उतरली. वर बघितलं. मनोरा, टोकदार खिडक्या, सोळा सिंह, कोंबडा. तिनं तोंडावर हात ठेवला आणि हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली, की अंगणात फतकल मारून बसली. काकू ओवाळायचं ताट घेऊन नुसत्याच उभ्या. मग हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि आबा आडोशातून बाहेर आले. “आवडलं व्हय?” त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. साडेसहा वर्षांनी बापाच्या गळ्यात पडली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की काय सांगू!

ड्रायव्हरनं सामान उतरवलं. चार मोठ्या बॅगा, एक गुंडाळलेली दुलई, आणि पिशवीत चक्क चहाची किटली. तीन आठवड्यांच्या सुट्टीला कुणी किटली आणत नाही. काकूंच्या ते लक्षात आलं. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

मुलगी आत आली. हॉल बघितला, काचा बघितल्या, भावांच्या खोल्यांत डोकावली. मग हसऱ्या तोंडानं वळली आणि म्हणाली, “आबा, ब्यागा कुठं ठेवू? माझी खोली कुठली?”

मी आबांकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. थोरला मोबाईल बघायला लागला. खरं सांगते, अकरा नकाशांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या मनाला शिवला नव्हता. ज्या पोरीसाठी ते चर्च उभं केलं, तिला सोडून सगळ्यांना जागा होती.

“आगं, तुला कशाला वेगळी खोली?” आबा म्हणाले. “सगळं घर तुजंच हाय की.”

ते अगदी मनापासून म्हणाले. तुमचेआमचे वडील म्हणतात तसंच.

“व्हय, आबा,” ती म्हणाली.

बॅगा मनोऱ्यात गेल्या, खताच्या पोत्यांशेजारी. पाव्हण्यांच्या खोलीत राहा म्हणावं तर पुढच्या आठवड्यात थोरल्याची सासुरवाडी येणार होती. पहिल्या दिवसापासून तिचं अंथरूण आईजवळ, कोठीघराच्या दारात.

संध्याकाळी ती माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. मी विचारलं, तुला ते चर्च इतकं का आवडतं?

“आवडतं असं नाही, ताई. तिथं आम्ही एका खोलीत दोघी राहायचो. ती दिवसपाळीला, मी रातपाळीला. माझी सुट्टी रविवारी, तिचीही रविवारी. खाट एकच. मग मी दिवसभर त्या चर्चमध्ये जाऊन बसायचे. ते उघडं असतं. का बसलीस, असं कुणी विचारत नाही. आबांना काय दाखवणार? खोली दाखवली असती तर त्यांनी जीवाला लावून घेतलं असतं. म्हणून ते दाखवायचे.” मग म्हणाली, “नोकरी सोडूनच आले होते, पण तिथली मेट्रन चांगली आहे, परत घेईल.”

तीन आठवड्यांनी ती गेली. चारही बॅगा घेऊन.

त्यानंतर आबा ऑफिसात आले. हातात काही नव्हतं. खुर्चीत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांना फाडून खायच्या तयारीत होते. पोरीला खोली नको का, एवढी अक्कल नव्हती का, सगळं जिभेवर होतं. पण नकाशावर सही माझी होती.

मग तेच म्हणाले, “बाई, खोली बांधतो. पर लेकीची खोली कशी असती, कुठल्या अंगाला काडत्यात, ह्ये मला ठावं न्हाय. आमच्यात कुनी बांधलीच न्हाय कदी.” ते पुढे वाकले. खरंच शिकायला आल्यासारखे. “तुमच्या म्हायेरी तुमची खोली कुठं हाय? तशीच काडू.”

माझ्या भावांचं घर इथंच बारामतीत आहे. त्याचाही नकाशा मीच काढलाय, हौसेनं, फुकट. चांगलं दुमजली आहे. कुत्र्यालाही जिन्याखाली जागा आहे.

आबा टोपी हातात धरून उत्तराची वाट बघत होते. मी उठले आणि खाली चहा सांगायला गेले.