नऊ माळा आणि एक घागर

माझी पाळी बंद झाली आणि घरातल्यांनी मला लोणच्याच्या बरणीसारखं फळीवर ठेवून दिलं. पाळी गेली की बाईनं वजन उचलू नये, असं आमच्या इंदापूर भागात सगळ्याच सांगतात. का, म्हणून विचारलं की आवाज खाली येतो. अंग खाली येतं म्हणे, मणके दबतात, हाडं काडीगत मोडतात. यात माझ्या थोरल्या जाऊबाई सगळ्यांच्या पुढं. त्यांनी एक दिवस माझ्या हातातली दुधाची किटली काढून घेतली आणि म्हणाल्या, "आता तू माळ वडत बस. वैरणीचा भारा, हांडा, कशालाच हात लावायचा न्हाय."

खोटं कशाला सांगू, पहिले सहा महिने मला बरं वाटलं. तीस वर्षं धारा काढून भारे वाहिलेल्या बाईला कुणी बस म्हटलं तर ती का उठेल? पण पुढं पुढं गिरणीतून पाच किलो पीठ आणताना हात थरथरायला लागले. जोत्याच्या तीन पायऱ्या चढताना भिंत धरावी लागायची. अंगातून वाफा निघायच्या, झोप नीट लागायची नाही, आणि दिवसभर मी अर्धवट झोपेत असल्यासारखी वावरायची. देवापुढं दिवा लावतानाही मनात एकच यायचं, की आपलं आता झालं.

कंबर दुखते म्हणून बारामतीला एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. माझ्या लेकीच्या वयाची पोर. तिनं नीट तपासलं आणि म्हणाली, "तुमचं अंग जागच्या जागी आहे. हाडं जरा विरळ व्हायला लागलीत, पण बसून राहिलात तर अजून होतील. वजन उचला. थोड्यापासून सुरुवात करा, हळूहळू वाढवा. दुखलं किंवा खाली ओढल्यासारखं वाटलं तर थांबा आणि माझ्याकडं या." मी मान हलवली आणि घरी येऊन फक्त गोळ्या दाखवल्या. बाकीचं गिळून टाकलं. त्या पोरीवर विश्वास बसला नाही हे एक, आणि बसून राहायची सवय लागली होती हे दुसरं. ही गोष्ट मी दोन वर्षं कुणाला सांगितली नाही.

आमच्या गावदेवीची एक रीत आहे. नवरात्रात नऊ दिवस तिच्या स्नानाचं पाणी बारवेतून डोक्यावर आणायचं, आणि ते आणायचा मान आमच्या घरातल्या पाळी गेलेल्या बाईचा. तांब्याची घागर, पंधरा लिटरची. कालव्याच्या कडेनं मैलभर वाट. घागर भुईला टेकवायची नाही आणि देवळात पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. जन्मभर महिन्याचे चार दिवस ज्या बाईला देवापासून लांब बसवलं, तिच्याच हातचं पाणी देवीला लागतं, याचं मला लहानपणापासून नवल वाटायचं.

हा मान आधी जाऊबाईंकडं होता. त्यांनी एकच नवरात्र घागर वाहिली, मग भीतीनं नवव्या माळेला नारळ ठेवून मान परत केला. मधली वर्षं गुरवीणच पाणी आणत होती. गेल्या वर्षी घागर वाहायची वेळ माझ्यावर आली. मीही हात टेकले तर घरात पुढं कुणी नव्हतं. मान भावकीतल्या दुसऱ्या घरी जाणार, तो परत यायचा नाही. जाऊबाई म्हणाल्या, "कसंबी नऊ दिस काढ, आन नारळ दिऊन मोकळी हो." मीही तेच ठरवलं. मनातून सांगते, मला मान जाण्याचं दुःख कमी आणि स्वतःचं जास्त होतं. घागर परत केली की मी म्हातारी झाले यावर शिक्का बसणार होता.

पहिल्या माळेला पहाटे बारवेवर गेले. गुरविणीनं काठोकाठ भरलेली घागर माझ्या डोक्यावर दिली आणि मी निघाले. कालव्यावर धुकं उतरलं होतं. दोन्ही बाजूंचा ऊस दिसत नव्हता, नुसती पानांची सळसळ यायची. पाय माझेच आहेत का, असं वाटत होतं. पुलाजवळ येईतो मान भरून आली, डोळ्यांपुढं पिवळं पिवळं झालं. टेकवावी तर देवीचा कोप, न टेकवावी तर मी घागरीसकट कालव्यात. ओरडायचीही सोय नाही. मी मनातल्या मनात म्हणाले, आई, मला जमत नाही, आता तूच बघ.

तेवढ्यात धुक्यातून मेंढ्या आल्या. आधी घंटीचा आवाज, मग पांढुरकं पांढुरकं काहीतरी पायाजवळून वाहायला लागलं. त्यांच्या मागं एक म्हातारी होती, नऊवारी लुगडं, हातात चांदीचं कडं, खांद्यावर कोकरू. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, कोकरू खाली सोडलं आणि पुलाच्या कठड्यावर बसून मांडी थोपटली.

"भुईला टेकवायची न्हाय ना? मग हितं ठेव, बया. माझी मांडी काय भुई हाय व्हय?"

मी घागर तिच्या मांडीवर उतरवली. ती दोन्ही हातांनी धरून बसली आणि मी तिच्या शेजारी उभी राहून रडले. तिनं रडू दिलं. मग शांतपणे घागर कलती केली आणि अर्धं पाणी कालव्यात ओतलं. माझा जीव वर आला, पण बोलायचं नव्हतं.

"देवीला पाणी पायजे, तुझी कंबर न्हाय पायजे," ती म्हणाली. "आज अर्धी ने. उद्या वाईच जास्त. नवव्या दिशी भरून ने. आमी कोकरू रोज उचलतो. ते वाढतंय तसं आमचं हातबी वाढत्यात. आन आंगाला धरून उचल, कमरंत वाकू नको, गुडघ्यातनं ऊठ. दम कोंडू नको."

तिनं सांगितलं तशी मी घागर अंगाशी धरली, श्वास सोडला आणि माझी मीच डोक्यावर घेतली. वळून बघेपर्यंत मेंढ्या पुढं गेल्या होत्या आणि ती त्यांच्या मागं. तुम्ही कोण, कुठल्या, हे विचारायला तोंड उघडायचं नव्हतं. देवळात गुरव एवढंच म्हणाले, "आज पानी कमी हाय." मी म्हटलं, "उद्या जास्त आणते."

घरी सुनेला सांगितलं तर ती हसली. उपासानं डोकं हलकं झालं असेल म्हणाली. आसपासच्या वस्त्यांवर विचारलं, कुणी मेंढ्या बघितल्या नव्हत्या. पुलावर लेंड्या मात्र होत्या, त्या मी दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. ती कोण होती यावर मी कुणाशी वाद घालत नाही. देवी असेल तर तिची कृपा, आणि मेंढकी असेल तरी तिची कृपाच.

पुढचे दिवस स्वप्नात गेल्यासारखे गेले. रोज तांब्याभर पाणी जास्त. घट पेरले होते, त्यांना कोंब फुटत होते, आणि माझ्या पायांना वाट कळायला लागली होती. चौथ्या माळेला मी सुनेला डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगून टाकलं. ती मला आत्या म्हणते. कपाळावर हात मारून म्हणाली, "आत्या, दोन वरीस हे पोटात ठिवलं व्हय?" सहाव्या माळेपासून दुपारी मी गाढ झोपायला लागले, लहानपणी जत्रेतून आल्यावर थकून झोपायचे तशी.

नवव्या माळेला घागर काठोकाठ भरली होती. वाटेत दोनदा पाणी हिंदकळून पाठीवर आलं, एवढंच. मी ती थेट गुरवांच्या हातात दिली. जाऊबाई गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी नारळ घेऊन उभ्या होत्या. नारळ माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "सांग आता आईला."

मी नारळ देवीपुढं ठेवला आणि म्हणाले, "आई, पुढच्या वर्षी पण मीच येते."

मला वाटलं, जाऊबाई रागावतील. पण त्या पुढं आल्या. माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवून जवळ उभ्या राहिल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मलाबी जमलं असतं गं. कुणी सांगितलंच न्हाय."

शरण जायचं म्हणजे हात जोडून बसून राहायचं, असं मी समजत होते. त्या दिवशी कळलं, जिनं हे अंग दिलं तिच्यावर विश्वास ठेवायचा तर या अंगावरही थोडा ठेवावा लागतो, आणि अगदीच झेपेनासं झालं की ओझं कुणाच्या तरी मांडीवर टेकवायला लाजू नये. हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. जाऊबाईंचा हात हातात घेऊन मी देवीपुढं पुन्हा वाकले आणि म्हणाले, मला उशिरा का होईना गाठलंस, आता हिलाही गाठ.